बावन्न टक्क्यांचा नाच

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सांगायला लागलो की मध्येच कुणी हसलेलं मला खपत नाही. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं पुष्कळ असतात. मी तो धोंडा एसटीत बसवून, त्याचं तिकीट काढून रत्नागिरीला नेला आणि सरकारी टेबलावर ठेवला.

आमचं गाव आरे-वारेच्या रस्त्याला. मी ट्रॉलरवर खलाशी होतो. एकदा जाळं ओढताना पाय घसरला आणि मी थेट खाली बर्फाच्या खणात. डावा खुबा गेला तो गेलाच. तेव्हापासून घर बायको चालवते, सुलभा, मासे विकून. मी घरात बसून तिला धंद्याचे सल्ले देतो, जे ती ऐकत नाही, म्हणून धंदा बरा चाललाय.

दिव्यांगाच्या पेन्शनला चाळीस टक्के लागतात. मला मिळाले अडतीस! शाळेत पस्तीसला पास करायचे हो, तेव्हा मला कधी मिळाले नाहीत. आता अडतीस मिळाले तर इथे नापास. मग केलं अपील.

त्या अपिलाला दोन वर्षं झाली. कधी हाडांचे डॉक्टर बदलून गेलेले, कधी आचारसंहिता, कधी फाईल 'वर' गेलेली. वर म्हणजे कुठे? तर दुसऱ्या मजल्यावर. आणि मला जिना चढवत नाही! पण मीही चिवट. दर महिन्याला काठी टेकत जायचोच. तिथल्या क्लार्कच्या मुलीचं या काळात लग्न जमलं, झालं, तिला मुलगाही झाला. दोनदा मी त्यांचे पेढे खाल्ले. माझं अपील होतं तिथेच.

सुलभा म्हणायची, राहू द्या आता, आहे तो पाय पण झिजेल. पण मला ती पेन्शन हवीच होती. साध्या एसटीच्या भाड्यालासुद्धा तिच्यापुढे हात पसरायचा, हे मला सोसत नव्हतं. ती कधी एका शब्दाने बोलली नाही, म्हणून तर जास्तच सोसत नव्हतं.

अशात शिमगा आला. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, तशी आमच्या अंगणात आली. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा महाराजा, ह्या तुझ्या लेकराचं अपील दोन वरसं अडकलंय, तेवढं मार्गी लाव!" आणि अख्खा गाव ओरडला, "व्हय महाराजा!" ढोल सुरू झाले. आता तुम्हीच सांगा, स्वतःच्या अंगणात पालखी नाचतेय आणि कोकणातला माणूस खुर्चीत बसून राहील? मी काठी फेकली आणि दांड्याला खांदा दिला.

नाचलो हो! बोटीवर होतो तेव्हा नाचायचो, अगदी तस्सा. डोळे मिटून, गुलालात माखून. खाली पाय आहेत हेसुद्धा मी विसरलो.

माझा चुलतभाऊ विलास शिमग्याला मुंबईहून आला होता. त्याने व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकला. मी तो शंभर वेळा तरी पाहिला असेल. काय चेहरा आलाय माझा!

आठ दिवसांनी ऑफिसातून फोन. मेडिकल बोर्डाची तारीख लागली! देवाने ऐकलं म्हणून मी चहाचा घोट घेतला आणि कप तसाच खाली ठेवला. कारण अर्जात माझ्याच सहीने लिहिलेलं, डाव्या पायावर भार घेता येत नाही. आणि ग्रुपवर मीच पालखी नाचवतोय. बोर्डातल्या कुणी तो बघितला म्हणजे?

विलासला फोन लावला, म्हटलं, आधी तो व्हिडिओ काढून टाक. तो म्हणाला, दादा, राहू दे ना, त्यात तसं काय नाय. मी त्याला झापला. मुंबईत राहणाऱ्याला सरकार काय कळणार?

त्याने काढला, पण तोवर तो घरोघर पोचलेला. मग मी काय अक्कल लढवली असेल? ग्रुपवर आवाजी निरोप टाकला: सर्वांना नम्र विनंती, माझा पालखी नाचवतानाचा व्हिडिओ पुसून टाकावा आणि कुणालाही, विशेषतः सरकारी माणसाला, दाखवू नये. झालं! ज्यांनी पाहिला नव्हता त्यांनीही मागून घेतला. बंदरावर बर्फाच्या कारखान्यातल्या एकाने विचारलं, कुठला रे व्हिडिओ? मी त्याला उभ्या उभ्या सगळं समजावलं. संध्याकाळपर्यंत त्यानेही मिळवला आणि म्हणाला, "झ्याक हाय. पण तुझा तो..." आणि गप्प झाला. मला वाटलं, जळतोय.

बोर्डाच्या दिवशी सुलभा बरोबर आली. पाहतो तर क्लार्क मोबाइलमध्ये बघून गालातल्या गालात हसताहेत. मी म्हटलं, संपलं. नातवाचे फोटो होते ते, पण हे मला नंतर कळलं. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. सुलभा बाहेरच थांबली.

आत एक तरुण डॉक्टर मॅडम. फाईल चाळत म्हणाल्या, "काका, एक विचारू का?"

मी ढासळलोच. "मॅडम, देवाशपथ सांगतो, मी नेहमी नाचत नाही. तो एकच दिवस. पालखी दारात आली, राहवलं नाही."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "जुना एक्स-रे आणलाय का, एवढंच विचारत होते. कसला नाच?"

आता इथे शहाण्याने काय केलं असतं? एक्स-रे दिला असता. मी खिशातून मोबाइल काढला. अख्ख्या गावाला तो व्हिडिओ पुसायला सांगितला होता, फक्त माझ्याकडचा ठेवला होता. इतका चांगला आलेला चेहरा कोण पुसतो?

मॅडमनी एकदा पाहिला. परत पाहिला. मग चित्र थांबवून, मोठं करून मोबाइल माझ्यापुढे धरला.

"काका, तुम्ही आजवर फक्त तोंडच बघितलंत वाटतं. जरा खाली बघा."

बघितलं. डावा पाय हवेत लोंबतोय. उजव्याचा जेमतेम अंगठा टेकलाय. दोन बाजूंनी दोन भोई माझ्या कमरेत हात घालून मला उचलून धरताहेत. आणि खांदा? दांड्यापासून चार बोटं खाली! ज्या पालखीला मी नाचवत होतो, तिला माझा स्पर्शसुद्धा झालेला नव्हता.

मग मॅडमनी मला चालवलं, टेप लावून दोन्ही पाय मोजले, एक्स-रे उजेडात धरला. पण माझं कशातच लक्ष नव्हतं.

बाहेर आलो आणि सुलभाला विचारलं, तुला ठाऊक होतं?

"मीच सांगितलेलं त्या दोघांना. धरा म्हटलं, नायतर पडतील."

"मग मला बोलली का नाहीस?"

"किती दिवसांनी हसलात तुमी," ती म्हणाली. "त्यात मी काय बोलू?"

डोळे भरून आले, ते मी एसटी चुकेल म्हणून घाई करतोय असं दाखवून लपवले. म्हणजे विलासला ठाऊक, बर्फवाल्याला ठाऊक, माझा निरोप ऐकून गप्प बसलेल्या अख्ख्या ग्रुपला ठाऊक. राहिलं होतं एक सरकार, त्यालाही मी जातीने जाऊन कळवलं.

काही दिवसांनी दाखला आला. बावन्न टक्के! पेन्शन सुरू झाली. आता एसटीचं तिकीट मी माझ्या खिशातून काढतो, आणि सुट्ट्या पैशांसाठी कंडक्टरशी भांडतोही ऐटीत.

पण मनाला एक रुखरुख होतीच. सुलभा ओट्यावर बांगडे साफ करत होती. मी दाखला घेऊन तिच्याजवळ गेलो. म्हटलं, "बघ, बावन्न टक्के पाय गेला. म्हणजे अठ्ठेचाळीस उरला. तेवढा तरी मी त्या दिवशी नाचलो असेन ना?"

तिने मानसुद्धा वर केली नाही.

"तेवढा देव नाचला. तुमी लोंबकळत होतात."