हात खांद्यापासून निखळला

आमच्या कॉलेजात रोबोटिक्स हा विषय होता, रोबोट नव्हता. (माहितीपुस्तिकेत होता. रंगीत!) नव्वदच्या दशकात नगरला शिकणाऱ्या स्वाभिमानी पोरानं यावर काय करावं? मी पत्रक काढलं. रोबोट काही आला नाही. मग शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी प्रोजेक्ट म्हणून स्वतःच त्याचा हात बनवायला घेतला. भंगारातल्या वायपरच्या मोटारी, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, आणि तारांचं जंजाळ झाकायला माझ्या जुन्या चौकड्याच्या शर्टाची बाही. टोकाला हातमोजा.

बाकीचे त्याला 'आर्म' म्हणत. मी नाही! 'विज्ञान मराठीतून' हे माझंच दुसरं पत्रक होतं. मी म्हणायचो 'हात'.

घरी मात्र यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. आप्पा एमआयडीसीत पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर कामाला. त्यांच्या जागी उभं राहील असं यंत्र त्यांचाच पोरगा शिकतोय, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यातून त्यांच्या पाळीतल्या जोडीदाराची बोटं त्याच प्रेसनं खाल्लेली. तेव्हापासून आप्पा घरात साधी विळीसुद्धा कुणाला सुखानं धरू देत नसत.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच खांद्याचा बोल्ट तुटला आणि हात लोंबायला लागला. दुपारी बाहेरचे परीक्षक येणार. हात हलला नाही तर वर्ष बुडालं! तसला बोल्ट आप्पांच्या पेटीत असायचा. भिंगारला आमच्या घरी फोन नव्हता, शेजारी फौजेतून निवृत्त झालेल्या हवालदारकाकांकडे होता. मी कॉइन बॉक्सवरून घाईघाईनं सांगितलं, "काका, आप्पांना सांगा, हात खांद्यापासून निखळलाय. कॉलेजात आहे. लवकर या, बोल..."

'ट' यायच्या आत रुपया संपला.

काकांनी फौजी शिस्तीत निरोप आणखी छाटला. "पोराचा हात गेला. कॉलेजात पडलाय. निघा."

आप्पा टेम्पो करून निघाले. सोबत आई, हवालदारकाका आणि रडू शकणारी निम्मी गल्ली.

इकडे परीक्षक वेळेआधीच टपकलेले, आणि मी टेबलाखाली शिरून सांडलेले नटबोल्ट शोधतोय. दार धाडकन उघडलं. मला फक्त पाय दिसले. आप्पांच्या एका पायात चप्पल, दुसऱ्यात कारखान्याचा बूट.

वर टेबलावर माझी बाही पडलेली होती.

"ही टीप माझ्या हातची हाय," आई म्हणाली आणि मटकन खाली बसली. परीक्षक भिंतीला चिकटले. आप्पांनी तो हात अलगद उचलला, छातीशी धरला.

"गार पडलाय," एवढंच म्हणाले.

मी तेव्हाच बाहेर यायला हवं होतं. पण मी आणखी आत सरकलो. व्यवस्थेला रोज जाब विचारणारा मी! बाहेर आलो असतो तर जिवंत सापडलो असतो ना!

शेवटी आईचा हुंदका ऐकवेना. टेबलाखालूनच म्हणालो, "आप्पा, मी हितं हाय."

त्यांनी मला ओढून काढलं. दोन्ही हात चाचपले, एकेक बोट वाकवून पाहिलं. डोळे भरून आले. आणि मग त्यांनी माझ्या डाव्या गालावर अशी एक ठेवून दिली की वायपरच्या मोटारीसुद्धा हलल्या.

प्रसंग सावरायला परीक्षकांनी कापऱ्या आवाजात तोंडी परीक्षाच सुरू केली. "रिपीटेबिलिटी म्हणजे काय?"

तत्त्व ते तत्त्व. मी मराठीत सांगितलं, "हात पुन्हा पुन्हा नेमका त्याच जागी येणं, सर."

'हात' हा शब्द कानावर पडला मात्र, आप्पांनी दुसरी ठेवून दिली. तसूभर इकडे नाही, तसूभर तिकडे नाही!

परीक्षकांनी चष्मा वर करून माझा गाल नीट निरखला आणि प्रात्यक्षिकाचे पूर्ण गुण दिले. गुणपत्रिकेवर नाव तेवढं माझं आहे.