कापसाच्या खोलीतली गिटार

माझ्या गिटारच्या अल्बममधलं शेवटचं वादन जरा जास्तच जलद आहे. ऐकणारे म्हणतात, वा, काय लय पकडली! कसली लय, माझी पार गाळण उडाली होती.

रेकॉर्डिंग केलं त्या वर्षी कापसाला भाव म्हणून नव्हताच. आज ना उद्या चढेल या आशेवर कळंबजवळच्या आमच्या गावात घरोघरी कापूस भरून ठेवलेला. आतली खोली कापसाला, आम्ही ओसरीत. अंगाला खाज सुटायची. पण त्या खोलीत आवाज जराही घुमत नसे. गिटार इतकी स्वच्छ ऐकू यायची की मी रेकॉर्डर घेऊन तिथंच ठाण मांडलं. आईची भीमगीतं, पांढरकवड्याकडच्या गोंडांच्या ढेमसा नाचाचा ठेका, पुसदकडच्या बंजाऱ्यांची होळीची लेंगी गाणी, सगळं मी एकट्या गिटारवर जुळवत होते.

बाबांची अट एकच: रेकॉर्डर सेलवर चालव, खोलीत विजेची वायर नको. बुद्धवंदनेची उदबत्तीसुद्धा ते अंगणात लावायला सांगत. कापूस आतल्या आत धुमसतो. धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

शेवटचं वादन उरलं आणि बाबांनी वाट पाहून पाहून कापूस विकायला काढला. दुपारी गाडी येणार होती, आणि त्याच सकाळी माझे सेल संपले. रिकाम्या खोलीत तो आवाज पुन्हा मिळणार नव्हता. गावातल्या दुकानातही सेल नव्हते. मग बाबाच ओसरीतून विजेचा बोर्ड वायरीसकट ओढत आत आले.

"राहू द्या बाबा. मले भेव लागून राह्यलं."

"तू वाजव माय. मी आहो ना."

ते बोर्डाशेजारी बसले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत कापसात खुपसले. आत ऊब धरली का, हे आमच्याकडे असंच पाहतात. मी वाजवू लागले. मध्येच बोर्डातून चट् असा आवाज आला. वर्षभराचा कापूस, घर, आम्ही दोघं, सगळं पेटलेलं मला दिसलं. बाबांनी एक हात काढून 'चालू दे' अशी खूण केली आणि तो पुन्हा आत खुपसला. मी धावतच शेवट गाठला.

तो चट् आवाज अल्बममध्ये तसाच आहे. शेवटच्या सुरानंतर बाबांचा आवाजही आहे, तोही मी कापला नाही. "झालं का? मंग बंद कर लौकर. माह्ये पाय लटलट कापून राह्यले."