वरचा मजला कुणाचा

आमी पारधी. मैंदर्गीच्या रस्त्याला आमची पालं हुती. पालाला दार नसतंय. फडकं वर केलं की कुणीबी आत डोकावतंय, पोलीस तर बूट घालून आत. म्हणून घरकुलाची योजना आली तवा मला भिंतीचं न्हाय, दाराचं कौतुक. आतून कडी लागणारं दार.

सोलापूरचा साहेब नकाशा घेऊन आला. जागा अरुंद, म्हणून प्रत्येकाला खाली एक खोली, वर एक. "स्वयंपाकघर वर," तो खुशीत म्हणला, "धूर वरच्या वर जाईल."

माझा सासरा उठला आन् म्हणला, "नको आमाला घर."

साहेबाला वाटलं, म्हातारा जिन्याला भितोय. जिना किती सोपा, यावर भाषण झालं. मग त्यानं शिपायाला शेजारच्या पाण्याच्या टाकीची शिडी चढून दाखवायला लावलं. शिपाई चढला, पण उतरायला घाबरला. त्याला आमच्याच गड्यांनी धरून खाली आणला.

खरं कारण सांगायची सगळ्यांना लाज. आमच्यात बाईचं लुगडं गड्याच्या आन् देवीच्या डोक्यावरनं जाता कामा नये. बाई वर रांधणार, खाली सासरा आन् देवीची पेटी, म्हंजे इटाळच की. ह्याच लुगड्याच्या झोळीत निजून हे सगळे गडी वाढले, तवा न्हाय कुणाला इटाळ झाला! माझं डोस्कंच फिरलं. दार हातचं चाललं हुतं.

शेवटी मीच साहेबाला सगळं सांगितलं. तो हसला न्हाय. म्हणला, "आमच्या देवघराच्या डोक्यावर वरच्यांचा संडास आला, तर आईनं फ्लॅट बदलायला लावला."

"मग चूल खाली. देवी आन् गडी वर."

"नकाशा मंजूर झालाय, बाई. स्वयंपाकघर वरच राहणार."

"ऱ्हाऊ द्या की कागदावर. नकाशाला कुटं भूक लागती?"

सासऱ्यानं मान डोलावली. घरं झाली.

आता गडी देवीसंगं वर, आमी बाया खाली. चहा पायजे तर बाहेरचा जिना उतरून यायचं. जिन्याला शिव्या देत सासरा रोज उतरतोय.

परवा मी आतून कडी लावून चहा ठेवला, तर दार वाजलं. वाटलं, म्हातारा आला.

"कोण हाय?"

पोलीस हुता, नेहमीसारखा चौकशीला आलेला. बाहेर उभा ऱ्हाऊन वाट बघत हुता. मी आधी चहा गाळला, मग उठले.