माझी नाजूक कंबर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, अगदी त्यांच्या शेवटच्या आजारातही नाही. आता तुम्हाला सांगायला बसले आहे — काय म्हणाल तुम्ही मला?

महाराष्ट्र नवा नवा झाला त्या काळातली गोष्ट. मोताळ्याजवळच्या खेड्यात आमचं घर, पाण्याची विहीर गावाबाहेर. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझी कंबर धरली ती सुटेच ना. लेप झाले, शेक झाले. शेवटी ह्यांनी एसटीने खामगावला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. काही दिवस वजन उचलू नका, ही एक. आणि दुसरी — पडून राहू नका, व्यायाम करा. चटईवर उताणं होऊन गुडघे पोटाशी कसे घ्यायचे, पाय दुमडून कंबर हळूच कशी उचलायची, हे त्यांनी माझ्याकडून करून घेतलं. हे बाहेर बाकावर बसले होते.

घरी येऊन मी पहिलीच गोष्ट सांगितली. दुसरीची लाज वाटली. घरची सून तालमीतल्या गड्यासारखी जमिनीवर लोळते म्हटल्यावर सासूबाई काय म्हणाल्या असत्या? सुरुवातीला एवढंच होतं. खरंच एवढंच.

धान्याच्या खोलीला आतून कडी लावून मी व्यायाम करू लागले. कापूस फुटेपर्यंत कंबर मोकळी झाली. पण तोवर पाण्याच्या घागरी आणि वेचणी कमलकडे गेली होती — कमल माझी धाकटी जाऊ, नुकतीच लग्न होऊन आलेली. आज सांगू, उद्या सांगू — आणि मी उठताना कमरेवर हात ठेवतच राहिले. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही म्हणतात. कमरेचं तर फारच सोपं. फक्त भीती जात नाही. कुणी पाहत असताना चटकन वाकले तर? दाराशी पाऊल वाजलं की हात आपसूक कमरेवर जायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मग काही वर्षांनी कमलची कंबर गेली.

इथवर आले आणि वाटतंय, थांबावं. पण नाही.

ती बाजेवर कुशीला पडली होती. घरात आम्ही दोघीच. तिने विचारलं, "बाई, तुमाले त्या डॉक्टरनीनं काय सांगतलं होतं? मले बी सांगा ना."

सांगायला काय लागत होतं? कडी लावून तिला चटईवर घेतलं असतं की झालं. पण मग तिने विचारलं असतं — तुम्ही कधीपासून बऱ्या आहात? आणि त्या घागरी?

मी म्हणाले, "काही नाही वं. आराम कर म्हणे."

ती पडली तेवढे दिवस म्हाताऱ्या सासूबाईंनी पाणी भरलं. मी नाही. ते कमललाच बघवेना, म्हणून ती तशीच उठली आणि विहिरीवर गेली.

आता ती कमरेतून वाकूनच चालते. मी तिच्याहून मोठी, पण टेकू न घेता उठते — कुणी नसलं की. सकाळी अजून कडी लावते. काल न्हाणीतली बादली उचलायला गेले, तर ती काठी टेकत मागून आली.

"राहू द्या बाई," ती म्हणाली, "तुमची कंबर नाजूक हाये."

मी बादली तिच्या हातात दिली.