मारुतीच्या हारातली रुईची पानं

माझा उजवा गुडघा पपईएवढा सुजला तेव्हा देवावरचा माझा भरवसा उडालाच होता. दवाखान्याच्या गोळीनं तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, पुन्हा तेच. म्हशीखाली बसता येईना. आमची चंद्री अशी हेकट, की माझ्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही. सुनेला तर तिनं लाथच घातली. मी वाकून कशीबशी धार काढायचे, निम्मं दूध आतच राहायचं. मुलगा म्हणाला, "आये, मंगळवारच्या बाजारात इकू तिला. अशानं कास सडंल." चंद्री गेली असती तर सकाळी उठून मी काय करायचं, हेच मला सुचेना.

शनिवारी रुईच्या पानांचा हार घेऊन मी लंगडत हायवेकडेच्या मारुतीला गेले. पायरीवर बसून मोठ्यानंच म्हणाले, "बाबा, लक्ष्मणासाठी अख्खा डोंगर उचललास, आन् माझा एक गुडघा जड झाला व्हय तुला?"

मागून कुणीतरी हसलं. ट्रक पंक्चर झाला म्हणून सावलीला बसलेला ड्रायव्हर होता. "माताजी, दवा तो आपके हाथ में है. मेरी माँ यही पत्ता गरम करके घुटने पर बाँधती है."

"आरं, हा देवाचा हाय!"

"तो देव से पूछ लो."

देव हिंदीतून बोलतो हे मला तोवर माहीत नव्हतं. पुजाऱ्यानं हारातलीच चार पानं माझ्या पदरात टाकली.

ड्रायव्हरनं सांगितलं तसं केलं. पानांचा चीक पुसला, तो डोळ्यात जाऊ नये म्हणून हात धुतले. पानांना एरंडेल लावून तव्यावर सोसेल इतकी गरम केली आणि लुगड्याच्या चिंधीनं बांधली. सून म्हणाली, "आत्याबाई, आता शेंदूर बी लावा." लावला असता, पण चादर खराब झाली असती.

मंगळवारी उजाडताच टेंपो दारात आला. मी बादली घेऊन गोठ्यात गेले आणि चंद्रीखाली बसले. कळ आली, पण बसले. तिनं पान्हा सोडला. मुलानं टेंपोवाल्याला चहा पाजून परत धाडलं.

सूज पानांनी उतरली की तिची वेळ झाली होती, मला ठाऊक नाही. मी वाद घालत नाही. आधी मी देवाकडे मागायचे आणि कसं द्यायचं तेही सांगायचे. आता नुसतं मागते. त्या ड्रायव्हरचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून दिसेल त्या ट्रकला हात जोडते. परवा एकानं करकचून ब्रेक मारला. "आजी, कुठं सोडू?"

म्हटलं, "कुठं न्हाई रं बाबा. चालता येतंय आता."