माशाच्या टाकीला पाडलेलं भोक

रविवारी सकाळी मी घरात एकटा होतो, आणि एकटा असलो की माझं डोकं नको तिकडं धावतं... काचीगुड्याच्या आमच्या दोन खोल्यांत माशाची एक मोठी टाकी आहे. काचेची नाही, अ‍ॅक्रिलिकची. तिला त्या दिवशी भोक पाडायचं होतं.

टाकी मुलीची. तिची बदली बंगळूरला झाली तेव्हा आमच्याकडं ठेवून गेली. आत एकच मासा, ऑस्कर जातीचा, तळव्याएवढा. तिनं त्याचं नाव बटाट्या ठेवलं आहे. फोन आला की आधी बटाट्याला दाखवा म्हणते, मग आमची चौकशी.

त्याचं पाणी बदलायचं म्हणजे बादल्या वाहायच्या. माझं हर्नियाचं ऑपरेशन झाल्यापासून ते काम हिच्याकडं, म्हणजे माझ्या बायकोकडं आलं. आता हिचाही खांदा धरला. परवा बादली खाली ठेवून म्हणाली, "बस झालं. या आठवड्यात काही तरी करा, नाही तर दिलसुखनगरच्या मासेवाल्याला देऊन टाकते." ही बोलते ते करते... आणि मग मुलीला फोनवर मी काय दाखवणार?

तेव्हा ठरवलं. वरून नळाचं पाणी बारीक धारेनं टाकीत सोडायचं, आणि टाकीच्या पाठीला वरच्या बाजूला भोक पाडून जास्तीचं पाणी पाइपानं मोरीत न्यायचं. बादली नको, काही नको.

बेगम बाजारात जाऊन सामान आणलं. भोक पाडायचं गोल कटर, भोकात बसवून पाइप जोडायचं टँक निपल, रबरी वायसर, पाइप वळवायचे दोन एल्बो. दुकानदाराला मी चार वेळा तेच विचारलं, फुटणार तर नाही ना? तो वैतागला. "चचा, काच नहीं है ये. फूटता नहीं, गरम हुआ तो पिघलता. आहिस्ता चलाओ, रुक रुक के. और इतना डरते तो मत करो ना!"

मी सातवीपर्यंत शिकलेला, पण जन्म बसच्या डेपोत नटबोल्ट आवळण्यात गेला. हाताला काम येतं. मन मात्र कायम थरथरतं.

भोक कुठं पाडायचं ते हिनं ठरवून दिलं होतं. काठापासून चार बोटं खाली. विहारात वंदनेला निघताना कपाळाची टिकली काढून तिनं तिथं चिकटवली आणि म्हणाली, "इथंच हां. आपलं डोकं चालवू नका."

ती गेली... आणि माझं डोकं चाललं.

बटाट्याला मोरीतल्या टबात सोडून वर जाळी झाकली. टाकी नळीनं रिकामी करून गोधडीवर आडवी केली, आतून फळीचा टेकू दिला. मग मनात आलं, पाइप तुंबला तर? चार बोटं चढलं की पाणी काठावरून सांडेल, खालच्या मजल्यावर गळेल. मागं वॉशिंग मशीनचा पाइप निघाला होता तेव्हा खालच्या आंटी जिना चढून आल्या आणि तेलुगूत काय काय बोलल्या. अर्धं कळलं नाही, पण ऐकलं सगळं. म्हणून टिकली थोडी खाली घेतली. पुन्हा मापून पाहिलं, अजून थोडी खाली... असं करत करत ती टाकीच्या मध्यावर आली.

भोक मात्र चांगलं पडलं. ड्रिलचं मशीन हळू चालवलं, थांबलो, भुसा फुंकला, पाण्याचे थेंब सोडले. कुठं तडा नाही, कुठं वितळलं नाही. निपल हातानंच आवळलं, टाकी उभी केली, बाहेरून एक एल्बो लावून पाइप जोडला आणि पाणी सोडलं.

पाणी अर्ध्यावर आलं आणि मोरीकडं वाहायला लागलं. वर चढेचना. कसं चढेल, मीच वाट करून दिली होती. एवढ्या पाण्यात बटाट्याला धड वळताही आलं नसतं. मी खाटेवर बसलो. वाटलं, टाकी गेली, मासाही गेला...

ही आली. चप्पल काढता काढताच तिनं बघितलं. "टिकली कुठंय?" मी बोट दाखवलं. "अहो, ही काय टाकी आहे का परात?" मग तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. पदर खोचला आणि उरलेला एल्बो उचलून म्हणाली, "हा आतून बसवा. तोंड वर करून. वर पाइपाचा तुकडा लावा. पाणी त्याच्या तोंडापर्यंत चढल्याशिवाय सांडेल कसं?"

एवढंच होतं. जन्मभर नट आवळले, पण हे सुचलं नाही. भीतीपुढं मला दुसरं काही दिसलंच नव्हतं.

बसवला. पाणी भोकाच्या वर गेलं, चढत चढत पाइपाच्या तोंडाला लागलं, मग हळूच मोरीकडं निघालं. काठाला चार बोटं मोकळी. बटाट्याला आत सोडला तर तो दगडामागं तोंड लपवून बसला. तोही दमला असेल.

संध्याकाळपर्यंत मी किती वेळा निपलखाली हात लावून बघितला असेल, मलाच माहीत. शेवटी ही म्हणाली, "गळत नाही ते. उठा, चहा टाका, माझा खांदा दुखतोय."

चहा टाकला. माझी भीती या वयात काही जायची नाही, आणि त्या भीतीनं मी फार दमतो... पण मी भिऊन केलेली चूक न ओरडता सुधारणारं माणूस घरात आहे. चहात साखर जास्त पडली होती, तरी तिनं तो सगळा संपवला.