खळ्यात नापास झालेला सूर्य

किस्से काय गो, कोळंबीसारखे असतात. टोपलीतून एक उचलायला जावं, तर मिशांना धरून चार वर येतात! परवा नातीनं मावळत्या सूर्याचा रंगीत फोटू दाखवून इचारलं, "आजी, कसा हाय?" आणि मला आमचे कंपौंडर नाना आठवले. म्हंजे आता चारावर भागायचं नाय.

तवा मी नवी सून. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झालेली. रेवसच्या अलीकडं समिंदराकाठी आमचा कोळीवाडा. आमी सात-आठ बाया दिवसभर खळ्यात बोंबील वाळत घालायचो आणि गावाला नावं ठेवायचो. नाना दवाखान्यात औषधं द्यायचे. पण सूर्य बुडायला लागला की डबा-कॅमेरा गळ्यात अडकवून पुळणीवर, वाळूत! रोल लाँचनं मुंबईला जायचा, धुऊन यायचा, आणि दवाखान्यातून घरी जायची वाट आमच्या खळ्यातनं. म्हंजे पहिला फोटू बघायचा मान आमचा.

नानांच्या बायकोला, कुसुमवहिनींना, शिलाईचं मशीन हवं होतं. एक दिवस त्या नानांना घेऊन खळ्यातच उभ्या राह्यल्या. "शिमग्यापर्यंत ह्या सगळ्या बायकांनी मिळून एका तरी फोटोला छान म्हटलं, तर कॅमेरा घरात राहील. नाहीतर विकायचा आणि मशीन आणायचं!"

नाना लगेच हो म्हणाले. आमाला ओळखत कुठं होते!

*

पहिला फोटू आला. तवा रंग कुठले! सूर्य पांढरा, पाणी काळं. आमच्यात सगळ्यात मोठी चांगूआजी. तिनं तो डोळ्याला लावला, लांब धरला, मान हलवली. "वा! काय सुरेख काढलाय!"

नाना फुलले. मग हळूच म्हणाले, "आजी, उलटा धरलाय तुम्ही."

आजीनं सुलटा केला. बराच वेळ बघितला. परत दिला.

"मंग नाय आवडला."

*

नानांना वाटलं, नुसता सूर्य बघून बायांचं मन भरत नाय. पुढच्या खेपेला त्यांनी सूर्यापुढं होडी घेतली. फोटू खरंच बरा होता. पण सूर्य बघतंय कोण! आमच्यात माणसाचं तोंड इसरतील, होडीची नाळ, तिचं पुढचं टोक, नाय इसरणार. पांडूची बायको यमुना फोटूवर बोट ठेवून म्हणाली, "ही आमची होडी."

"असेल की," नाना म्हणाले. "मंगळवारी काढला हा."

"मंगळवारी? मंगळवारी तर आमचे धनी खोल दर्यात होते! मंग होडी ताडीवाल्याच्या झोपडीसमोर कशी?"

यमुना फोटू घेऊन तडक घरी.

दुसऱ्या दिवशी पांडू दवाखान्यात हजर. कपाळावर हे एवढं टेंगूळ! नाना औषध लावता लावता हळूच इचारतात, "फोटो कसा वाटला रे?"

पांडू म्हणाला, "नाना, सूर्याचा काढायचा तर सूर्याचाच काढा. तो कुठं बुडाला, हे त्याला घरी कोण इचारत नाय!"

*

आणि नाना काय साधे होते व्हय? खोकल्याचं औषध ते सोताच कालवायचे. फोटूला जरा बरं बोललं, तर औषध गोड गुलाबी. नावं ठेवली, तर कारल्याचा रस परवडला!

मी एकदा म्हटलं, "नाना, तुमचा सूर्य भाकरीसारखा दिसतो, तोपण एका बाजूनं करपलेला." त्या थंडीत माझा खोकला दोन घोटांत पळाला. पुन्हा औषध प्यावं लागेल ह्या भीतीनं!

*

मग आमचंच डोकं चाललं. म्हटलं, "नाना, आमाला घ्या की फोटूत! मंग बघा कशा छान म्हणतात सगळ्या." झालं! ठेवणीतली लुगडी निघाली, दागिने निघाले, अंबाड्यात अबोली. सूर्याकडं पाठ करून आमी ओळीनं उभ्या. चांगूआजीनं तर तोंडाला पावडर फासलेली.

फोटू आला. मागं सूर्य झकास, आणि पुढं आमी सगळ्या कोळशाच्या पोत्यांसारख्या! ना नाक, ना डोळे, ना दागिने.

"ह्यात मी कुठली?" यमुनानं इचारलं.

ओळीत एक जरा बारीक दिसत होती. मी पटकन म्हटलं, "ही बारीक ती मी!"

"तू कशी? ती मी!"

"गप गो, तुझ्या कमरेत दोन मावतील तसल्या!"

भांडण सूर्य बुडेस्तोवर चाललं. चांगूआजीपण सोडायला तयार नाय. कुणी काय छान म्हटलं नाय, पण जी ती ‘बारीक ती मी’ म्हणूनच घरी गेली.

*

मुंबईच्या स्टुडिओवाल्याचंपण मत एकदा आलं. नाना रोल द्यायचे लाँचवरच्या तांडेलाकडं, आणि तांडेल तो सुकटीच्या गोणीत खोचायचा, पडू नये म्हणून. स्टुडिओवाल्यानं तांडेलाबरोबर निरोप धाडला, "सूर्य बरा आहे. पण दुकानात चार मांजरं बसून असतात, त्यांचं काय करू?"

*

शिमगा जवळ आला. एका संध्याकाळी मी पाणी घेऊन येत होते, तर नाना पुळणीवर बसलेले. समोर सूर्य असा बुडत होता की मीपण हंडा खाली ठेवला. पण कॅमेरा मांडीवरच. धोतराच्या सोग्यानं त्याची काच पुसत होते, शेंबड्या पोराचं नाक पुसावं तशी. फोटू काय काढला नाय.

मी खळ्यात येऊन सगळ्यांना दम भरला, "शेवटचा रोल मुंबईला गेलाय. ह्या टायमाला नाना आले की छान म्हणायचं. काय पण असो, छान!"

होळीच्या आदल्या दिवशी नाना आले, मागं वहिनी. नानांनी खळ्यात पाय टाकला मात्र, आमी सगळ्या एका सुरात, "छान! जाम छान!"

चांगूआजी तर डोळे पुसत म्हणाली, "असा सूर्य मी जन्मात पाह्यला नाय!"

वहिनी म्हणाल्या, "आजी, पाकीट अजून उघडलेलं नाही."

बोंबलांवरच्या माश्यापण गप झाल्या असतील. नानांनी पाकीट उघडलं. आत सूर्य नाय, समिंदर नाय. एक जाडा नवरा, शेजारी नवरी, मुंडावळ्या बांधलेली, डोळे मिटलेली. स्टुडिओवाल्यानं पाकिटं बदलली होती! आमचा सूर्य गेला कुणाच्या तरी लग्नघरी, आणि त्यांची नवरी आली आमच्या खळ्यात.

नानांनी कॅमेरा गळ्यातून काढला आणि वहिनींच्या हातात दिला.

वहिनींनी आमच्याकडं बघितलं. नानांकडं बघितलं. मग फोटू घेतला, आणि कॅमेरा परत नानांच्या गळ्यात अडकवून घरी चालू लागल्या.

तो फोटू त्यांनी काच लावून बाहेरच्या खोलीत टांगला. नवीन पाव्हणा आला की इचारायचाच, "ही कोण हो मंडळी?"

वहिनी तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता सांगायच्या, "ह्यांनी काढलेला सूर्यास्त आहे. खळ्यातल्या सगळ्यांनी छान म्हटलंय."